मागच्या मांगरात उंदीर-घुशींचा सुळसुळाट, विष न घालता काय करता येईल?

चिरेबंदी
नमस्कार मंडळी. आमचं घर कुडाळ तालुक्यात. घरामागे विहिरीच्या अंगाला सासऱ्यांच्या वेळचा मांगर, म्हणजे सामानाची शेड आहे. जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, वर नळे म्हणजे अर्धगोल कौलं, खाली शेणाने सारवलेली जमीन. बारा बाय अठरा फूट असेल. आत चुलीची लाकडं, नारळाची सोडणं, तीन पोती भात, कुळथाचं बियाणं, खोबऱ्याच्या वाट्या, अवजारं, गवत कापायचं मशीन आणि गणपतीचं सामान, म्हणजे माटवीची चौकट, पाट, समया.

गेल्या आठवड्यात मशीन चालू होईना म्हणून उघडून पाहिलं तर पेट्रोलची नळी दोन ठिकाणी कुरतडलेली. मग पोती हलवली. सगळ्यात खालच्या पोत्याला भोकं, जमिनीवर भाताचं फोलपट, आणि जिकडेतिकडे लेंड्या. काही जिऱ्याएवढ्या बारीक, काही चांगल्या मोठ्या. उत्तरेच्या कोपऱ्यात ताजी उकरलेली माती, घमेलंभर तरी असेल. रात्री चिरका आवाज येतो आणि सकाळी एक उग्र वास.

सासूबाई ७४ वर्षांच्या. पहाटे लाकडं आणायला त्याच जातात, तेही अनवाणी. घरात कुत्रा आहे, मांजर नुकतीच व्यालेली आहे. शेजारचे काका म्हणतात औषधाच्या वड्या टाक आणि मोकळी हो. पण ही जनावरं असताना माझा हात धजत नाही. त्यात श्रावण. सासूबाईंचं म्हणणं, गणपती तोंडावर आलेले असताना त्याच्या वाहनाला मारायचं नाही. चतुर्थीला चार आठवडे आहेत. कुणी मांगर किंवा मागची शेड खरोखर उंदीरमुक्त केली असेल तर सांगा. काय केलं, कोणत्या क्रमाने केलं, ते हवं आहे.

सुपारीबाग
बाजारात चिकट पाट्या मिळतात, ७०-८० रुपयांना. भिंतीकडेला ठेवा, सकाळपर्यंत दोन-तीन अडकलेले असतात. विष नाही, वास नाही.

रानघुबड
सुपारीबाग, कृपया चिकट पाटी सुचवू नका. आमच्या पडवीत ठेवलेल्या पाटीवर शेजारच्या मांजराचं पिल्लू अडकलं होतं. खोबरेल चोळून चोळून सोडवायला तास गेला, तरी एका पायाची कातडी निघालीच. अडकलेला उंदीर एक-दोन दिवस तडफडतो, स्वतःचा पाय कुरतडतो, भीतीने मुततो. आणि तेच मूत आपण नंतर हाताळतो. भारतीय पशुकल्याण मंडळाने या पाट्यांविरुद्ध राज्यांना सूचना दिलेल्या आहेत. ताईंच्या घरात तर डोळे न उघडलेली पिल्लं आहेत.

सुपारीबाग
हे ठाऊक नव्हतं. सूचना मागे घेतो. आमच्याकडच्या दोन पाट्याही काढून टाकतो.

कृषीपदवी_९८
ताई, आधी तुमच्याकडे कोण कोण आहे ते ओळखू या, कारण प्रत्येकाचा इलाज वेगळा. तुमच्या वर्णनावरून मला तीन, कदाचित चार पाहुणे दिसतात.

जिऱ्याएवढ्या, टोकदार लेंड्या घरातल्या छोट्या उंदराच्या, ज्याला आपण पिटुकला उंदीर म्हणतो. तो पोत्यांच्या, लाकडांच्या आत घरटं करतो आणि घरट्यापासून फार लांब जात नाही. सुमारे बारा मिलिमीटरच्या, दोन्ही टोकांना निमुळत्या लेंड्या काळ्या उंदराच्या. हा चढणारा प्राणी. माडावर, वाशांवर, नळ्यांखाली राहतो, शेपूट अंगापेक्षा लांब. तुमच्याकडे माड जवळ असतील तर तो वरून येतो. घमेलंभर माती मात्र या दोघांपैकी कुणाचीही नाही, ती घुशीची. घूस खाली बोगदे काढते आणि त्यात धान्य साठवते. भाताच्या बांधावर घुशीचं बीळ खणलं तर आत ओंब्यांचा ढीग निघतो, हे आमच्याकडच्या कातकरी मंडळींना पिढ्यान् पिढ्या माहीत आहे.

आणि तो चिरका आवाज व उग्र वास बहुतेक चिचुंद्रीचा. चिचुंद्री उंदीर नाहीच. तिचं तोंड लांब सोंडेसारखं, डोळे बारीक. ती झुरळं, किडे, गांडुळं खाते. तिला दात वायर कुरतडायला दिलेले नाहीत. पिंजऱ्यात सापडली तर सोडून द्या.

चिरेबंदी
माड मांगराला अगदी खेटून आहे, झावळ्या नळ्यांवर टेकतात. आणि लांब तोंडाची एक मी स्वतः पाहिली आहे, भिंतीला घासून पळत होती. म्हणजे चारही आहेत.

भातखाचर
वरचं सगळं बरोबर आहे, पण मी शेतकरी म्हणून विषाची दुसरी बाजू मांडतो, नाहीतर नुसतं वाईट म्हणून सोडून दिलं जाईल. शेताच्या बांधावर घुशी माजल्या की झिंक फॉस्फाइड वापरावं लागतं. आमची पद्धत अशी : संध्याकाळी सगळी बिळं मातीने बुजवायची. सकाळी जी उघडलेली दिसतील तीच चालू बिळं. त्यात आधी दोन-तीन दिवस नुसतं भरडलेलं धान्य आणि तेल ठेवायचं, कारण उंदीर नव्या खाण्यावर संशय घेतो. सवय लागली की ९६ भाग धान्य, २ भाग तेल, २ भाग औषध असं आमिष बिळात आत घालून तोंड बंद करायचं. पोटातल्या आम्लात त्याचा फॉस्फिन वायू होतो. त्यावर उतारा नाही. माणसालाही नाही. म्हणून हातमोजे, लाकडी काठी, आणि उरलेलं खोल पुरायचं. गावाने मिळून एकाच वेळी केलं तरच उपयोग, नाहीतर शेजारच्या बांधावरून पुन्हा येतात.

पण ताई, हे शेतातलं. जिथे धान्य, लाकडं, म्हातारं माणूस आणि कुत्रं-मांजर आहे अशा मांगरात मीही झिंक फॉस्फाइड नेणार नाही. तुमच्या काकांच्या वड्या ब्रोमॅडिओलोनच्या असाव्यात. त्या कुलूपबंद डब्यात, कुत्र्याचं तोंड जाणार नाही अशा, ठेवता येतात. तो शेवटचा उपाय म्हणून हाताशी असू द्या.

रानघुबड
भातखाचर दादा, तुमच्या शेतातल्या अनुभवाचा मान ठेवून सांगते. ब्रोमॅडिओलोन रक्त गोठू देत नाही. खाल्ल्यावर उंदीर लगेच मरत नाही, चार-पाच दिवस किंवा जास्तही फिरत राहतो, सुस्त होतो, उघड्यावर येतो. अशा सुस्त उंदरावर पहिला हक्क गव्हाणी घुबडाचा, मग मांजराचा, मग कुत्र्याचा. आमच्या कुत्रीने असाच एक खाल्ला असावा. चार दिवसांनी हिरड्यांतून रक्त यायला लागलं. पशुवैद्यांनी के१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली, नंतर गोळ्या कितीतरी आठवडे. ती वाचली, कारण आम्हाला वेळेवर कळलं. त्याच पावसात मागच्या वडाखाली घुबड मेलेलं सापडलं. कशाने मेलं ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण त्या दिवसापासून आमच्या आवारात वड्या आल्या नाहीत. घुबडाची एक जोडी पिल्लं वाढवत असताना रोज रात्री जेवढे उंदीर नेते तेवढे आपण कोणत्याही पिंजऱ्याने पकडत नाही.

काका वड्या टाकणारच असतील तर पाकिटाचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा. डॉक्टरांना आणि पशुवैद्यांना औषधाचं नाव कळणं फार महत्त्वाचं आहे. ट्यूबमध्ये मिळणारी पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर घरात येऊच देऊ नका. तिने यकृत निकामी होतं आणि त्यावर उतारा नाही.

भातखाचर
तुमच्या कुत्रीचं वाचून वाईट वाटलं. मुद्दा पटला. मांगरापुरता मी वड्यांचा सल्ला मागे घेतो.

पावसाळी_ओपीडी
मी सिंधुदुर्गातच डॉक्टर आहे. मला या धाग्यात एकच वाक्य खटकलं : सासूबाई पहाटे अनवाणी जातात. ताई, उंदरांचं राहू द्या, ते आज थांबवा.

उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायराचे जंतू पडतात आणि ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात टिकतात. पायाला भेग असेल, काटा लागलेला असेल तर तिथून शरीरात जातात. २००५ च्या जुलैमधल्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली ती अशीच, गुडघाभर पाण्यातून चाललेल्या माणसांमध्ये. आपल्याकडे भातलावणी ते कापणी हे दिवस त्याचेच. शेणाने सारवलेली ओली जमीन, तीवर उंदरांची वर्दळ आणि भेगा पडलेली म्हातारी टाच, यापेक्षा सोपी वाट जंतूंना मिळणार नाही.

त्यांना गमबूट घेऊन द्या. नको म्हणतील, तरी द्या. अचानक थंडी वाजून ताप, डोळे लाल, पोटऱ्या हात लावू देणार नाहीत इतक्या दुखणं, यातलं काही दिसलं तर तापाची गोळी देऊन वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि मांगरात उंदीर आहेत हे डॉक्टरांना आपणहून सांगा. लवकर उपचार सुरू झाले तर हा आजार साध्या अँटिबायोटिकने बरा होतो. उशीर झाला की मूत्रपिंड, यकृत आणि फुप्फुसांपर्यंत जातो. प्रतिबंधक गोळ्या आहेत, पण त्या डॉक्टरांनी तपासून ठरवायच्या.

चिरेबंदी
डॉक्टर, मनापासून आभार. हे माझ्या डोक्यातच नव्हतं. आजच तालुक्याच्या बाजारातून गमबूट आणले. सासूबाईंनी घातले नाहीत. पण लाकडं आता मी आणते.

रॉकीज_पायथा
इकडे कोलोराडोत आमच्या घरामागे लाकडी शेड आहे. गवत कापायचं यंत्र आणि मुलांच्या सायकली असतात. इथे येतो तो डिअर माऊस : पाठ तपकिरी, पोट पांढरं, मोठे डोळे, दिसायला फारच गोड. १९९३ मध्ये न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोराडो आणि यूटा जिथे मिळतात त्या भागात तरुण, धडधाकट माणसं श्वास कोंडून दगावली, तेव्हा त्याला कारण ठरलेला हंताव्हायरस हा विषाणू याच उंदरात सापडला. तो उंदीर भारतात नाही, त्यामुळे घाबरवायला लिहीत नाही. सफाईच्या पद्धतीसाठी लिहितो आहे, ती तुमच्याकडेही तितकीच कामाची.

शेड उघडली की आम्ही अर्धा तास दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवून लांब उभे राहतो. लेंड्या कधीच कोरड्या झाडत नाही. झाडूने धूळ उडते आणि ती आपण हुंगतो. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी असं ताजं मिश्रण फवारून पाच मिनिटं भिजू देतो, मग कागदाने उचलून पिशवीत बांधतो. रबरी हातमोजे, तोंडावर मास्क. हातमोजे काढण्याआधी तेही त्याच पाण्याने धुतो.

पावसाळी_ओपीडी
पूर्ण अनुमोदन. फक्त ब्लीच आणि फिनेल किंवा ॲसिड एकत्र करू नका, विषारी वायू होतो.

माजघर
आमच्याकडे ध्वनिलहरींचं यंत्र लावलं होतं, भिंतीतल्या प्लगला. पहिले चार दिवस शांतता, पाचव्या दिवशी त्याच यंत्राच्या वर बसून उंदीर लाडू खात होता. कापूर, पुदिन्याचं तेल, डांबरगोळ्या हेही करून झालं. पैसे वाया घालवू नका.

कौलारू
मी गवंडीकाम करतो. ताई, तुमचा खरा इलाज विषातही नाही आणि पिंजऱ्यातही नाही, दरवाजाच्या फटीत आहे. पिटुकला उंदीर सहा मिलिमीटरच्या फटीतून येतो. शाळेची पेन्सिल जिथे जाईल तिथे तो जाईल. मोठ्या उंदराला अंगठा जाईल एवढं भोक पुरतं.

एका दुपारी मांगरात जाऊन दार लावून घ्या आणि अंधारात उभ्या राहा. जिथून उजेड येतो तिथे खडूने खूण करा. चिऱ्यांच्या सांध्यातली भोकं नुसत्या मातीने बुजवू नका, रात्रीत उकरतात. भांडी घासायची तारेची घासणी कोंबायची आणि वरून सिमेंट. घुशीच्या बिळात आमचे जुने लोक काचेचे तुकडे घालून सिमेंट करत. अजूनही त्याहून चांगलं काही मला सापडलेलं नाही. पण बीळ बंद करण्याआधी आत कुणी नाही याची खात्री करा. नाहीतर घूस दुसरीकडून वाट काढेल, किंवा आत मरेल आणि महिनाभर वास येईल.

दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी ठोका, जमिनीपासून बोटभर सुद्धा फट नको. भिंत आणि नळे यांच्यामधली वळचण मोकळी असते तिथे बारीक भोकांची वेल्डेड जाळी लावा. कोंबड्यांची षटकोनी जाळी नको, तिच्यातून लहान उंदीर सहज जातो. आणि माडाच्या नळ्यांवर टेकलेल्या झावळ्या काढा. शक्य असेल तर खोडाला माणसाच्या उंचीच्या वर फूट-दीड फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळा. काळा उंदीर त्यावरून घसरतो, नारळही वाचतात.

गोठ्याकडे
लाकडांची रास भिंतीला टेकवून लावू नका एवढंच सांगायचं होतं. भिंतीपासून हातभर सोडून, खाली विटा घालून. उंदराच्या मागे धामण येते, ती बिनविषारी, तिला मारू नका, फुकटची राखण आहे. पण त्याच उंदरांमागे नाग आणि घोणसही येतात. माझ्या चुलत्यांना लाकडं काढताना घोणस चावली. आठ दिवस रुग्णालयात होते, बोट गेलं, जीव वाचला. रासेत सरळ हात घालायचा नाही. आधी काठीने हलवायचं, हातात बॅटरी हवी. चावलाच तर चिरा देणं नाही, घट्ट आवळणं नाही, मांत्रिक नाही. हात हलू न देता १०८ ला फोन करून प्रतिसर्पविष असलेलं रुग्णालय गाठायचं.

चिरेबंदी
सगळ्यांचं वाचून काल नवऱ्याने आणि मी मांगर रिकामा केला. तुमच्या सांगण्याप्रमाणे आधी सगळं उघडं ठेवलं, फवारलं, मग हात लावला. जे दिसलं ते लिहिते.

माटवीच्या सामानात माझ्या लग्नातल्या शालूची एक घडी होती, देवामागे पडदा म्हणून वापरतो ती. तिच्या जरीच्या चिंध्या करून घरटं केलेलं. आत बोटाच्या पेराएवढी सहा गुलाबी पिल्लं. मी बराच वेळ तिथेच बसून राहिले. एकीकडे शालू, दुसरीकडे ती पिल्लं. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं आता वाहनाचं बोलतील. त्या म्हणाल्या, "उंदरांका खावूक गावता तवसर ते खंयच जावचे नाय. आधी भात हलय." (उंदरांना खायला मिळतंय तोवर ते कुठेच जाणार नाहीत. आधी भात हलव.) घरटं तसंच सुपात घेऊन त्यांनी वईपलीकडच्या दगडांच्या गडग्यात ठेवलं. पुढे काय झालं ते मी पाहायला गेले नाही.

ठरलं असं : श्रावण संपेपर्यंत चाप लावायचा नाही. तोपर्यंत भात, कुळीथ, खोबरं झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात. पिंपं विटांवर. भोकं बुजवायची. पिंजरा चालेल.

कृषीपदवी_९८
उत्तम क्रम. सासूबाईंचं वाक्य कृषी विद्यापीठात शिकवावं इतकं बरोबर आहे. छोट्या उंदराची मादी तीन आठवड्यांत विते आणि पिल्लं दीड महिन्यात स्वतः गाभण राहू शकतात. पकडण्याचा वेग त्याला पुरत नाही, खाणं तोडलं तरच पुरतो.

पिंजऱ्याबद्दल : छोटा उंदीर जिज्ञासू असतो, पहिल्या रात्रीही सापडतो. काळा उंदीर आणि घूस नव्या वस्तूला बिचकतात. त्यांच्यासाठी पिंजरा दोन-तीन रात्री दार बांधून, आत खाणं ठेवून नुसता पडू द्या, मग चालू करा. भिंतीला लागून ठेवा, मधोमध नको. आमिष वासाचं हवं : भाजलेलं खोबरं, सुका बोंबील, तळलेला पापड. श्रावणात बोंबील घरात चालत नसेल तर भाजलेली चपाती तूप लावून. एक पिंजरा पुरत नाही, एवढ्या जागेत चार-पाच लावा.

एक कटू गोष्ट. पकडलेला जवळपास सोडला तर परत येतो. लांब सोडला तर तो दुसऱ्याच्या शेतात जातो किंवा अनोळखी जागी लवकर मरतो. भूतदया म्हणून सोडायचं असेल तर हे माहीत असू द्या. चांगल्या स्प्रिंगच्या चापात मान सापडली तर तो क्षणात जातो. पिंजरा पाण्यात बुडवणं मात्र करू नका, ते क्रूर आहे.

रॉकीज_पायथा
पिंजरा सकाळ-संध्याकाळ तपासत राहा. आत तहानेने तडफडू देऊ नये.

अंगणातली_जास्वंद
वाचनखूण साठवली. आमच्या चिपळूणच्या शेडची हीच कथा आहे.

चिरेबंदी
गणपती गेले, आता बसून लिहिते.

अकरा रात्रींत पिंजऱ्यात नऊ छोटे उंदीर आले, दोन काळे, आणि चिचुंद्री तीन वेळा. तीच एक असावी, दर वेळी सोडली. सासूबाईंच्या शब्दाखातर उंदीर नदीपलीकडच्या रानात सोडले. कृषीपदवींनी सांगितलेलं मनात ठेवूनच सोडले, आणि मला ते हलकं वाटलं नाही. श्रावणी अमावास्येनंतर चाप लावले, त्यात चार आले. घूस एकदाही सापडली नाही. भात पिंपात गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ताजी माती दिसेनाशी झाली. संध्याकाळी बीळ बुजवून सकाळी पाहायचं हे भातखाचर दादांचं तंत्र पाच दिवस केलं, उघडलं नाही, मग कौलारू दादांनी सांगितल्याप्रमाणे काच घालून सिमेंट केलं. अंधारात उभं राहून एकवीस ठिकाणी उजेड दिसला होता. घासण्या चौदा लागल्या, जाळी सोळा फूट. मशीनची नळी बदलून मशीन आता घरात पडवीत टांगलेलं आहे.

शालूच्या उरलेल्या तुकड्यातून देवासाठी लहान आसन शिवलं.

कौलारू
छान काम केलंत. एक करा : चुलीची राख चाळून दाराच्या आत आणि भिंतीकडेला पातळ पसरा. रात्री कुणी आलं तर पावलं उमटतात, आणि कुठून आलं तेही कळतं.

चिरेबंदी
राख टाकली. तीन सकाळी कोरी. आज चौथ्या सकाळी दाराच्या डाव्या कोपऱ्यातून पिंपांपर्यंत बारीक पावलांची एक रांग आणि तीच परत फिरलेली. पट्टीचा खिळा निघून पत्रा बोटभर उचलला गेला होता. सासूबाई आत्ता तिथे हातोडी घेऊन बसल्या आहेत, पायात गमबूट आहेत.